सुरुवात जुळते, मग शेवट का सुटतो? मल्टिकॅम एडिटिंगमधल्या बिघाडाचं निदान

समजा, तुम्ही एका तबलावादनाच्या मैफलीचं शूटिंग केलंय. समोर एक कॅमेरा, बाजूला दुसरा, हातांच्या क्लोजअपसाठी स्टँडवर लावलेला मोबाइल, आणि आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर. घरी येऊन चारही फाइल्स सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या, 'ऑडिओवरून सिंक करा' म्हटलं, मल्टिकॅम क्लिप तयार झाली. पहिली दहा मिनिटं झकास. पण तासाभराने पाहिलं तर हात तबल्यावर पडायच्या आधीच 'धा' ऐकू येतोय! बाजूचा कॅमेरा मात्र बरोबर आहे, आणि मोबाइल कधी पुढे, कधी मागे.

अशा वेळी बहुतेक जण एकच उपाय करतात: जिथे चुकलंय तिथे क्लिप कापायची, दोन-चार फ्रेम सरकवायची आणि पुढे जायचं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. रात्रभर सरकवासरकवी करूनही शेवटी आपल्याला कळत नाही की नक्की बिघडलं काय होतं. म्हणून या लेखात उपायांआधी निदान शिकूया. 'सिंक गेलं' हे तापासारखं आहे. ते लक्षण झालं, आजार नव्हे. आजार निदान चार प्रकारचे असतात, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं असतं.

सॉफ्टवेअर सिंक करतं म्हणजे काय करतं?

प्रीमिअर असो, दा विंची रिझॉल्व्ह असो की फायनल कट, ऑडिओवरून सिंक करण्याची मूळ कल्पना एकच. तिचं नाव क्रॉस-कोरिलेशन. अशी कल्पना करा की दोन रेकॉर्डिंगचे वेव्हफॉर्म दोन ट्रेसिंग पेपरवर काढलेत. एक कागद स्थिर ठेवायचा आणि दुसरा त्याच्यावरून हळूहळू सरकवायचा. प्रत्येक जागी थांबून दोन्ही आलेखांच्या समोरासमोरच्या किमतींचा गुणाकार करायचा आणि सगळ्या गुणाकारांची बेरीज घ्यायची. उंचवट्यावर उंचवटा आणि खड्ड्यावर खड्डा आला की बेरीज एकदम मोठी होते. ती जिथे सर्वांत मोठी, तिथे दोन्ही रेकॉर्डिंग जुळली.

४८ किलोहर्ट्‌झने रेकॉर्ड केलेल्या एका तासाच्या आवाजात १७ कोटी २८ लाख नमुने असतात. प्रत्येक सरकवणीला एवढे गुणाकार करायचे म्हटलं तर काम संपणारच नाही. पण १९६५ मध्ये जेम्स कूली आणि जॉन ट्युकी यांनी मांडलेल्या फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्मच्या पद्धतीमुळे हेच गणित आज लॅपटॉपवर झटपट होतं.

हेच गणित आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीतही चालतं. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. आकाशातल्या एकाच स्रोताच्या रेडिओ लहरी प्रत्येक डिशपर्यंत किंचित वेगळ्या वेळी पोहोचतात. तो उशीर हिशेबात धरून सिग्नल एकमेकांशी ताडून पाहणाऱ्या यंत्रणेचं नावच कोरिलेटर आहे. फरक इतकाच की तिथे सगळ्यांच्या आधाराला एकच अचूक घड्याळ असतं. तुमच्या मैफलीत मात्र चार यंत्रं होती आणि चार स्वतंत्र घड्याळं.

खरी गोम इथेच आहे. क्रॉस-कोरिलेशन अख्ख्या क्लिपसाठी एकच आकडा देतं: 'ही क्लिप इतकी सरकवा.' क्लिपमधला काळ दुसऱ्या यंत्राच्या मानाने हळू किंवा जलद चालला होता का, हे त्या एका आकड्यात मावतच नाही. सॉफ्टवेअर चुकत नाही. आपण त्याला अर्धाच प्रश्न विचारलेला असतो.

तीन आकड्यांची तपासणी

आता निदान. कात्रीला हात लावायच्या आधी हे करा. रेकॉर्डरचा आवाज प्रमाण माना, कारण सहसा तोच सलग आणि सर्वांत स्वच्छ असतो. मग एकेका कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज त्याच्याशी तीन ठिकाणी ताडून पाहा: सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी. प्रत्येक ठिकाणी टाळी, तबल्याची ठसठशीत थाप किंवा माइकवर पडलेली टिचकी असा एखादा टोकदार आवाज शोधा. वेव्हफॉर्म मोठा करून कॅमेरा किती फ्रेम पुढे किंवा मागे आहे ते कागदावर लिहा.

एवढ्यावर थांबू नका. त्याच तीन ठिकाणी दुसरी तपासणी करा: कॅमेऱ्याचं चित्र त्याच्या स्वतःच्या आवाजाशी जुळतंय का? हात आणि थाप, ओठ आणि 'प'. पंधरा मिनिटांचं काम आहे. आता कागदावरचे आकडे काय सांगतात ते पाहा.

तिन्ही ठिकाणी सारखाच फरक (३, ३, ३) म्हणजे नुसती सरक. फरक समान गतीने वाढतोय (०, २, ४) म्हणजे घड्याळाची गती वेगळी. एका ठिकाणी अचानक उडी (०, ०, ९) म्हणजे फाइल मध्येच तुटलीय. आणि आवाज आवाजाशी जुळतोय, पण चित्र स्वतःच्याच आवाजापासून भरकटतंय, म्हणजे फ्रेम रेट अस्थिर. आता एकेक घेऊ.

आजार पहिला: नुसती सरक

सर्वांत सोपा. क्लिप तेवढ्या फ्रेम सरकवा, काम संपलं. पण यात एक छुपा सापळा आहे, आणि तो सॉफ्टवेअरने 'बरोबर' सिंक केल्यामुळेच तयार होतो.

साधारण २० अंश तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो, म्हणजे एक मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद. तुमचा एक कॅमेरा सभागृहाच्या मागे, रंगमंचापासून ३० मीटरवर आहे असं धरा. थाप पडल्यावर प्रकाश त्याच्यापर्यंत लगेच पोहोचतो, पण आवाज सुमारे ८७ मिलिसेकंदांनी. २५ फ्रेम प्रतिसेकंद असेल तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे त्या कॅमेऱ्यात आवाज मुळातच दोन फ्रेम उशिरा नोंदला गेलाय. आता सॉफ्टवेअर त्या उशिराच्या आवाजाला रंगमंचाजवळच्या रेकॉर्डरच्या आवाजाशी जुळवतं. त्यासाठी अख्खी क्लिप दोन फ्रेम अलीकडे ओढली जाते. आवाज जुळला, चित्र मात्र दोन फ्रेम लवकर आलं. समोरच्या कॅमेऱ्यावरून मागच्या कॅमेऱ्यावर कट मारला की हात किंचित पुढे उडी मारतो आणि आपल्याला कळत नाही की काय खटकतंय.

उपाय: लांबच्या कॅमेऱ्याचं अंतर मीटरमध्ये घ्या, १४ ने भागा, आणि सिंक झाल्यावर क्लिप साधारण तितक्या फ्रेम पुढे न्या. ३० भागिले १४ म्हणजे दोन फ्रेम. हा भागाकार २५ फ्रेमसाठी आहे. ५० फ्रेमवर शूट केलं असेल तर ७ ने भागा.

आजार दुसरा: वाढत जाणारा फरक

इथे फरक किती वेगाने वाढतो ते महत्त्वाचं.

तो तासाला सुमारे ३.६ सेकंद असेल तर डोळे मिटून फ्रेम रेट तपासा. तुमच्याकडे २९.९७ आणि ३० यांची गल्लत झालीय. हा विचित्र २९.९७ आला कुठून? अमेरिकेत कृष्णधवल टीव्ही सेकंदाला ३० फ्रेमचा होता. १९५३ मध्ये रंगीत प्रक्षेपणाचं मानक ठरलं, तेव्हा रंगाचा नवा सिग्नल आणि आवाजाचा जुना सिग्नल एकमेकांत मिसळून पडद्यावर नक्षी दिसू नये म्हणून फ्रेमचा वेग १००१ ला १००० या प्रमाणात कमी केला गेला. ३० चे झाले ३००००/१००१, म्हणजे अंदाजे २९.९७. हा ०.१ टक्क्याचा फरक तासाला १०८ फ्रेम होतो. २९.९७ ची फाइल कोणी ३० ची मानून वाचली की तासाभरात साडेतीन सेकंदांहून जास्त घोळ. उपाय: क्लिपच्या गुणधर्मांत जाऊन फ्रेम रेटचा अर्थ पुन्हा फाइलमध्ये आहे तोच लावा. वेगाशी खेळू नका. भारतात पाल पद्धत आली, तिचा वेग सरळ २५. त्यामुळे सगळी यंत्रं २५ वर ठेवली तर या आजाराची लागणच होत नाही.

रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: प्रोजेक्टचा टाइमलाइन फ्रेम रेट फाइल्स आणायच्या आधीच ठरवा. एकदा मीडिया पूलमध्ये क्लिप्स आल्या की ती सेटिंग बदलता येत नाही.

फरक तासाला काही फ्रेमच असेल, तर मामला स्फटिकाचा आहे. प्रत्येक यंत्रात क्वार्ट्‌झचा छोटा स्फटिक ठरावीक वेगाने कंप पावतो आणि त्यावर यंत्राचा काळ चालतो. कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात, तापमानानेही ते बदलतात. हा फरक दशलक्षातल्या भागांत मोजतात. दशलक्षात एक भाग म्हणजे तासाला ३.६ मिलिसेकंद. दोन यंत्रांत दशलक्षात २० भागांचा फरक असेल तर तासाला ७२ मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ दोन फ्रेम. यात कोणतंही यंत्र बिघडलेलं नसतं.

इथे लोक 'क्लिपचा वेग बदला' असा सल्ला देतात. गणित करून पाहा. तासाला ५ फ्रेम, म्हणजे २०० मिलिसेकंदांचा फरक असेल तर लागणारी दुरुस्ती सुमारे ०.००५६ टक्के. वेगाच्या चौकटीत दोनच दशांश स्थळं घेतली जात असतील तर सर्वांत छोटा बदल ०.०१ टक्का. तो तासाला ३६० मिलिसेकंद, म्हणजे ९ फ्रेम सरकवतो. औषध आजारापेक्षा मोठं!

त्यापेक्षा मल्टिकॅमचाच फायदा घ्या. आवाजाला हात लावू नका. रेकॉर्डरचा ट्रॅक सलग ठेवा. मल्टिकॅम क्लिप उघडून त्या कॅमेऱ्याचा ट्रॅक अशा जागी कापा जिथे अंतिम एडिटमध्ये दुसरा कॅमेरा दिसणार आहे, आणि पुढचा भाग एक फ्रेम सरकवा. तासाला ५ फ्रेम असतील तर दर १२ मिनिटांनी एक फ्रेम. त्या क्षणी तो कॅमेरा पडद्यावर नसल्यामुळे प्रेक्षकाला काहीच कळत नाही. ही सरकवासरकवी दिसायला सुरुवातीच्या अंदाजपंचे सरकवण्यासारखीच आहे, पण आता कुठे, किती आणि का हे तुम्हाला ठाऊक आहे.

आजार तिसरा: अचानक उडी

बऱ्याच कॅमेऱ्यांची मेमरी कार्डं फॅट-३२ पद्धतीची असतात. तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. म्हणून लांब रेकॉर्डिंग आपोआप तुकड्यांत पडतं. काही कॅमेरे तर अर्ध्या तासाला रेकॉर्डिंग थांबवायचे, आणि त्यामागे तांत्रिक कारण नसून युरोपातल्या आयात शुल्काचे नियम होते! दोन तुकड्यांच्या सांध्यात काही फ्रेम गळू शकतात. तुकडे एकापुढे एक चिकटवले की गळलेल्या फ्रेमइतकी उडी येते.

उपाय: तुकडे जोडून एक क्लिप करू नका. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे रेकॉर्डरच्या आवाजाशी सिंक करा आणि मधली रिकामी फट तशीच राहू द्या. त्या फटीत दुसरा कॅमेरा दाखवायचा. आणि कार्डवरून कॉपी करताना पूर्ण फोल्डर घ्या. काही कॅमेऱ्यांत तुकड्यांची नीट जोडणी करणारी माहिती वेगळ्या छोट्या फाइलमध्ये असते.

आजार चौथा: मोबाइलचा लहरी फ्रेम रेट

मोबाइल प्रकाश कमी झाला, फोन तापला किंवा प्रोसेसरवर ताण आला की फ्रेममधलं अंतर बदलतो. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमची वेळ लिहिलेली असते, म्हणून व्हिडिओ प्लेअरमध्ये सगळं ठीक दिसतं. एडिटिंग सॉफ्टवेअरने मात्र 'सगळ्या फ्रेम समान अंतरावर आहेत' असं धरलं की चित्र आवाजापासून सुटतं. म्हणूनच दुसरी तपासणी गरजेची होती: मोबाइलचा आवाज रेकॉर्डरशी छान जुळतो, सिंक 'यशस्वी' दिसतं आणि चित्र मात्र भटकत असतं.

खात्रीसाठी फाइल मीडियाइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये उघडा. फ्रेम रेट मोडसमोर 'व्हेरिएबल' दिसलं की निदान पक्कं. मग हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडून नवी प्रत बनवा आणि एडिटिंगला तीच वापरा. मूळ फाइल मात्र जपून ठेवा. फ्रेम रेट अस्थिर असताना हाताने फ्रेम सरकवणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं.

सिंकच चुकीचं लागलं तर?

कधीकधी क्लिप भलत्याच जागी जाऊन बसते. कारण पुन्हा क्रॉस-कोरिलेशनमध्येच आहे. तीनतालाचा तोच ठेका १६ मात्रांच्या आवर्तनांनी फिरत राहतो. ट्रेसिंग पेपर बरोबर एका आवर्तनाने सरकवला तरी उंचवटे पुष्कळसे जुळतात आणि बेरीज बऱ्यापैकी मोठी येते. क्लिप छोटी असेल आणि आवाज गोंगाटाचा असेल तर सॉफ्टवेअर एक आवर्तन चुकून 'सम' गाठल्याचं समाधान मानू शकतं. अशा वेळी निवेदन, टाळ्या, प्रेक्षकातला खोकला यांचा भाग क्लिपमध्ये असू द्या. पुनरावृत्ती नसलेला आवाज हीच सिंकची खरी खूण. तेही जमलं नाही तर दोन्ही क्लिपवर एकाच थापेवर मार्कर लावून मार्करवरून सिंक करा.

प्लेबॅक अडखळणं मात्र सिंकचा आजार नाही. ४के च्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. चार कॅमेरे, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सेकंदाला जवळपास ८३ कोटी पिक्सेल उलगडायचे. त्यात एच-२६४ मध्ये बहुतेक फ्रेम शेजारच्या फ्रेमवरून बांधाव्या लागतात. लॅपटॉप दमतो, चित्र मागे पडतं आणि आपण विनाकारण क्लिप सरकवू लागतो. आधी कमी रिझोल्यूशनच्या प्रॉक्सी बनवा, मगच तपासणी करा.

एवढी काटेकोरी कशासाठी?

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर प्रेक्षकाच्या लक्षात येऊ लागतं, उशिरा आला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत सहसा खपतं. निसर्गात वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर ऐकू येतो, त्यामुळे उशिराची आपल्याला सवय आहे. म्हणून शंका असेल तेव्हा आवाज किंचित उशिरा असू द्या, आधी कधीच नको.

पण व्हिडिओ जेव्हा संशोधनाचा पुरावा असतो, तेव्हा 'प्रेक्षकाला खपतं' हा निकष चालत नाही. माणसं संवादात एकमेकांना किती पटकन उत्तर देतात हे मोजणाऱ्या अभ्यासांत प्रश्न आणि उत्तर यांमधली फट साधारण २०० मिलिसेकंदांच्या आसपास येते. दोन माणसांवर दोन कॅमेरे लावले आणि तासाभरात त्यांच्यात पाच फ्रेमचा फरक पडला, तर ती फट पूर्ण नाहीशी होईल किंवा दुप्पट होईल. कोण आधी हसलं, कोणी कोणाकडे पाहून मान डोलावली, याचा क्रमच उलटेल. दोन कॅमेऱ्यांवरून हालचालीचा मार्ग काढणाऱ्यांचंही तेच: सेकंदाला १० मीटर वेगाने जाणाऱ्या चेंडूच्या जागेत एका फ्रेमची चूक म्हणजे ४० सेंटिमीटर. आणि वाईट हे की असा डेटा पडद्यावर अगदी नीटनेटका दिसतो. आलेखही सुबक येतात. फक्त निष्कर्ष खोटा असतो. म्हणून ते तीन आकडे डेटासोबत लिहून ठेवले पाहिजेत.

पुढच्या शूटिंगला

सगळी यंत्रं २५ फ्रेमवर आणि आवाज ४८ किलोहर्ट्‌झवर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्‌झची असल्याने दिव्यांची लुकलुकही १/५० शटरवर कमी त्रास देते. मोबाइलवर फ्रेम रेट पक्का ठेवू देणारं कॅमेरा ॲप वापरा. मधे रेकॉर्डिंग थांबवू नका. प्रत्येक कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज, कितीही वाईट असला तरी, चालू ठेवा, कारण तपासणीला तोच लागतो. आणि सर्वांत स्वस्त उपाय: सगळे कॅमेरे चालू झाल्यावर सर्वांना दिसेल अशी एक टाळी, आणि बंद करायच्या आधी तशीच दुसरी. पहिली टाळी बहुतेक जण वाजवतात. पहिल्या टाळीने सरक कळते, गती कळायला दुसरी लागते.